ब्लडमून खेळताय? सोल्स्थाइम बेटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोरोविंड हा संगणकावरचा गेम २००२ मध्ये आला. तरीही सोलापुरात दर उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणी ना कुणी तो नव्याने सुरू करतं आणि पंधरा-वीस दिवसांत "दादा, ते बर्फाचं बेट कुठंय?" असा प्रश्न येतो. बाहेर पारा ४० च्या वर, कूलरमध्ये पाणी भरून दमलेला माणूस, आणि स्क्रीनवर हिमवादळ. ब्लडमूनची चटक लागायला एवढं पुरतं. जुळे सोलापूरपासून होटगी रोडपर्यंतच्या पोरांनी (आणि दोन-तीन काकूंनीही) मला विचारलेले प्रश्न खाली आहेत. कथेचा शेवट फोडलेला नाही. वाटेतल्या काही गोष्टी मात्र सांगाव्या लागल्या.

ब्लडमून हा वेगळा गेम आहे की मोरोविंडचाच भाग?

मोरोविंडचाच विस्तार. बेथेस्डा कंपनीने मूळ गेमनंतर दोन विस्तार काढले. नोव्हेंबर २००२ मध्ये ट्रायब्युनल आला आणि जून २००३ मध्ये ब्लडमून. ट्रायब्युनल तुम्हाला तटबंदीच्या आत वसलेल्या मोर्नहोल्ड शहरात नेतो. ब्लडमूनमध्ये मूळ नकाशाच्या वायव्येला सोल्स्थाइम नावाचं एक अख्खं बेट उघडतं. पाइनची झाडं, गोठलेली तळी, अस्वलं, लांडगे, नॉर्ड लोकांची वस्ती. मूळ गेममधली राख, मशरूमची झाडं आणि कीटकांच्या पाठीवरचा प्रवास हे सगळं मागे राहतं. पात्र तेच, सेव्ह तीच, सामानही तेच घेऊन जायचं.

कुठली प्रत घ्यावी?

गेम ऑफ द इयर आवृत्ती. स्टीम आणि जीओजी या दोन्ही ऑनलाइन दुकानांत मिळते. मूळ गेम आणि दोन्ही विस्तार एकत्र असतात. सेलची वाट पाहिली तर पैसे निम्म्याहून कमी लागतात. पेन ड्राइव्हवर मित्राकडून आलेल्या "फुल्ल व्हर्जन"च्या नादी लागू नका. त्यात एखादा विस्तार अर्धवट असतो, आणि पंचवीस तास खेळल्यावर ते कळतं.

माझा लॅपटॉप कॉलेजच्या काळातला आहे. चालेल?

मोरोविंडला काहीही चालतं. अडचण उलटी येते. नव्या विंडोजवर जुना गेम कधी रुसतो, स्क्रीनचा आकार बसत नाही, अक्षरं मुंगीएवढी दिसतात. अशा वेळी ओपनएमडब्ल्यू हे फुकट इंजिन टाका. ते स्वयंसेवकांनी नव्याने लिहिलेलं आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. मात्र त्याला मूळ गेमच्या डेटा फाइल्स लागतात, म्हणजे गेम विकत घेतलेला असायलाच हवा. दूरचं दिसण्याचं अंतर वाढवता येतं हा त्यातला मोठा फायदा. सोल्स्थाइमच्या डोंगरावरून खालचं गोठलेलं तळं दिसलं पाहिजे, चाळीस पावलांवर धुकं नको.

गेम टाकला, पण कुणी बेटाचं नावच काढत नाही. विस्तार आहे की नाही, कळायचं कसं?

सुरू करण्याच्या खिडकीत 'डेटा फाइल्स' असा पर्याय असतो. तिथे मोरोविंड, ट्रायब्युनल आणि ब्लडमून या तिन्ही फाइल्सपुढे खूण असली पाहिजे. नसेल तर करा आणि जुनीच सेव्ह उघडा. नवीन पात्र बनवायची गरज नाही. मग गावातल्या लोकांना ताज्या बातम्या विचारत राहा. कुणीतरी सोल्स्थाइमचा विषय काढेलच. नाही काढला तरी थेट जाता येतं.

दादा, झोपलं की काळ्या कपड्यातला एक जण येतो आणि मारून टाकतो. हे ब्लडमूनमुळे का?

नाही, ही ट्रायब्युनलची भेट आहे. डार्क ब्रदरहूडचे मारेकरी तुम्ही कुठल्याही लेव्हलला असा, विश्रांती घेतली की येतात. पहिल्या लेव्हलच्या पोराला हा अन्यायच वाटतो. पण वाचलात तर त्याचं चिलखत उत्तम आहे आणि विकलं तर सुरुवातीच्या काळात चैन होते. कायमचं मिटवायचं असेल तर पहारेकऱ्याला हल्ल्याबद्दल सांगा. तो एबनहार्टला अपेलीस मेटियस नावाच्या माणसाकडे पाठवतो आणि तिथून ट्रायब्युनलची गोष्ट सुरू होते. एवढ्यात नको असेल तर हल्ला उशिरा सुरू करणारे छोटे मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) मिळतात. एवढा एक मॉड मी नव्या खेळाडूला बिनदिक्कत टाकायला सांगतो.

कितव्या लेव्हलला बेटावर जावं? मुख्य कथा संपवूनच का?

संपवायची सक्ती नाही आणि माझ्या मते संपवूही नये. मूळ कथा संपवलेलं पात्र इतकं दांडगं झालेलं असतं की सोल्स्थाइमचं अस्वल दोन फटक्यांत आडवं होतं. मग थंडी, भीती, अंधार सगळंच फुकट जातं. फार लवकर गेलात तर उलट होतं. लांडग्यांची टोळी मागे लागते आणि किल्ल्यापासून शंभर पावलांवर खेळ आटोपतो. १५ ते २० लेव्हलच्या आसपास, एखाद्या शस्त्रात किंवा मंत्रविद्येत हात बसलेला असताना जा. घाबरत घाबरत पुढे सरकता आलं पाहिजे. बेटाची मजा त्यातच आहे.

तलवार समोरच्याच्या अंगातून आरपार जाते, तरी मार बसत नाही. गेम बिघडलाय का?

गेम ठीक आहे. पडद्यामागे फासे पडतात. वार लागतो की नाही हे शस्त्रातलं कौशल्य, चपळाई, नशीब आणि मुख्य म्हणजे दमसास यावर ठरतं. खालची हिरवी पट्टी म्हणजे तुमचा दम. पळत पळत अस्वलापाशी पोहोचलात की ती रिकामी असते, आणि मग आंधळी कोशिंबीर सुरू होते. लढाईआधी चार पावलं चालत जा, पट्टी भरू द्या. नव्या खेळाडूंच्या निम्म्या तक्रारी एवढ्याने मिटतात.

बेटावर पोहोचायचं कसं?

खूल नावाचं मासेमाऱ्यांचं गाव वायव्य किनाऱ्यावर आहे. आल्ड'रून, नीसिस किंवा मार गान इथून सिल्ट स्ट्रायडर, म्हणजे प्रवासाचा तो मोठा कीटक, खूलला जातो. खूलच्या धक्क्यावर होडीवाला भेटतो, थोडे पैसे घेतो आणि फोर्ट फ्रॉस्टमॉथ या शाही किल्ल्याजवळ उतरवतो. पाण्यावर चालण्याचा मंत्र असेल तर पायीही जाता येतं. एकदा गंमत म्हणून करून बघा. राखेचा किनारा मागे जातो, धुकं येतं आणि मग पांढरी जमीन दिसते.

सोबत काय न्यावं?

ओझं कमी न्या, कारण येताना भरून यायचंय. बेटावर ना सिल्ट स्ट्रायडर, ना मेजेस गिल्डच्या जादूगारांची ने-आण. किल्ला आणि रेव्हन रॉक यांच्यातली होडी सोडली तर फिरायचं ते पायी. त्यामुळे मार्क आणि रिकॉल हे दोन मंत्र आधी शिकून घ्या. मार्कने जागा खुणावून ठेवायची, रिकॉलने क्षणात तिथे परतायचं. मार्क एकाच जागी ठेवता येतो. तो किल्ल्यात ठेवायचा की रेव्हन रॉक या खाणीच्या वसाहतीत, ते तुम्ही ठरवा. मी रेव्हन रॉकला ठेवतो, का ते पुढे येईलच. हवेत तरंगण्याचा मंत्र मोर्नहोल्डमध्ये बंद असतो, इथे मात्र चालतो. डोंगर चढायचा कंटाळा आला की वापरा.

थंडीपासून बचावाची औषधं न्या. नुसत्या हवेतल्या थंडीने पात्र मरत नाही. हिमवादळात फक्त समोरचं दिसेनासं होतं. पण इथले काही शत्रू गारठ्याचा मारा करतात. पात्र नॉर्ड असेल तर हा खर्च वाचतो, त्यांना गारठा लागत नाही. चांदीचं एखादं शस्त्रही हाताशी ठेवा. पहिल्याच दिवशी लागणार नाही, पण लागेल तेव्हा नसलं तर पस्तावाल.

आणि ब्लाइंडिंग स्पीडचे बूट. मूळ नकाशावर काल्डेरा गावाजवळच्या रस्त्यावर पेमेनी नावाची बाई भेटते. तिची सोबत केली की ते मिळतात. घातले की पात्र वाऱ्यासारखं पळतं, पण आंधळं होतं. घालायच्या क्षणी मंत्राला पूर्ण प्रतिकार असेल तर आंधळेपण लागत नाही आणि वेग तेवढा उरतो. ब्रेटन वंशाच्या पात्राला जन्मतःच निम्मा प्रतिकार असतो, उरलेला एखाद्या मंत्राने क्षणभर मिळवायचा. सोल्स्थाइमसारख्या पायी तुडवायच्या बेटावर या बुटांना तोड नाही.

बेटावर उतरलो. आता आधी काय करू?

इथेच बहुतेक जण मुख्य कथेच्या मागे लागतात आणि आठवडाभरात बेट संपवून "छोटाच होता की" म्हणतात. सोल्स्थाइमवर तीन सूत्रं आहेत. किल्ला आणि बेटावर राहणाऱ्या स्काल लोकांची मुख्य गोष्ट हे पहिलं. रेव्हन रॉकची खाण वसाहत हे दुसरं. थर्स्कचा दारूचा वाडा आणि इतर सटरफटर कामं हे तिसरं. ती एकामागून एक उरकू नका, एकत्र चालवा. खरं कारण रेव्हन रॉकमध्ये आहे.

फोर्ट फ्रॉस्टमॉथमध्ये कॅप्टन फॅल्क्स कॅरियसला भेटा आणि त्याची पहिली कामं घ्या. शिपायांची दारू कुठे गायब झाली, असल्या साध्या चौकशीपासून सुरुवात होते. त्याच किल्ल्यात कार्नियस मॅजियस नावाचा कंपनीचा माणूस बसलेला असतो. त्याच्याशीही त्याच दिवशी बोला.

रेव्हन रॉकमध्ये काम दिलं आणि म्हणतात "काही दिवसांनी या". टी ही कळ दाबून वाट बघू का?

नको. टी दाबून चोवीस-चोवीस तास ढकलता येतात, मान्य. पण तसं केलंत तर ब्लडमूनमधली सगळ्यात चांगली गोष्ट हातातून गेली.

रेव्हन रॉक ही ईस्ट एम्पायर कंपनीची एबनी या मौल्यवान खनिजाची खाण. तुम्ही पहिल्यांदा जाता तेव्हा तिथे जवळपास काहीच नसतं. एखादं काम करून तीन-चार दिवसांनी परत आलात की चार भिंती उभ्या असतात. पुढच्या वेळी घरं, माणसं, दुकान. एका टप्प्यावर दुकान व्यापाऱ्याचं काढायचं की लोहाराचं, हे तुम्हालाच विचारतात आणि पुढे तेच दुकान गावात उभं राहतं. २००३ च्या गेममध्ये डोळ्यांदेखत गाव वाढवणं ही सोपी गोष्ट नव्हती. आजही मोठमोठ्या गेममध्ये घरं आधीच बांधून ठेवलेली असतात आणि आपण फक्त दारावर पाटी लावतो.

म्हणून मार्क रेव्हन रॉकला. काम करा, निघा, स्काल लोकांचं एखादं काम पूर्ण करा, थर्स्कला जाऊन या, रिकॉल करून परत. मधल्या दिवसांत वसाहत पुढे सरकलेली असते. तीनही सूत्रं अशी एकमेकांत गुंफली की बेट जिवंत वाटतं. टी दाबून बसलात तर फक्त यादी संपते.

कार्नियसची बाजू घ्यावी की फाल्कोची?

कार्नियस किल्ल्यात बसून हुकूम सोडतो. फाल्को गॅलेनस खाणीवर मजुरांबरोबर राहतो आणि काम चालवतो. अर्ध्या वाटेवर दोघांची कामं एकमेकांच्या विरुद्ध जाऊ लागतात आणि तुम्हाला निवड करावी लागते. बक्षिसाच्या हिशेबाने फार बिघडत नाही. शेवटी वसाहतीचा कारभार आणि राहायला घर मिळवता येतं.

पण गिरण्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला हे दोघे लगेच ओळखू येतात. कार्नियस म्हणजे कधी खात्याच्या आत पाऊल न टाकता हिशेबाच्या वहीवरून माणसं कमी करणारा, आणि फाल्को म्हणजे पाळी सुटल्यावर मजुरांसोबत चहा पिणारा जॉबर. आमच्या गल्लीत जेवढ्यांनी ब्लडमून खेळला, त्यांतल्या बहुतेकांनी फाल्कोला धरलं. मीही. दुसऱ्यांदा खेळताना कार्नियसची बाजू मुद्दाम घेऊन बघा. त्याची कामं जास्त कपटी आहेत आणि लिहिणाऱ्यांनी ती खुमासदार लिहिली आहेत.

जायचं कुठे ते दाखवणारा बाणच नाही! ठिकाण सापडत नाही.

बाण नाहीच. मोरोविंडमध्ये माणूस तोंडी पत्ता सांगतो, "नदीच्या कडेने वर जा, दुभंगलेला खडक दिसला की पूर्वेला वळा" अशा धर्तीवर, आणि आपण तो शोधायचा. सात रस्त्यावर उभं राहून पत्ता विचारला की लोक जसा सांगतात तसाच. डायरी उघडा, त्यात सगळं लिहिलेलं असतं, आणि कामांप्रमाणे वेगळं करूनही बघता येतं. इंग्रजी जड जात असेल तर घाई करू नका. दिशांचे आठ शब्द आणि शंभरेक नेहमीचे शब्द कळले की काम भागतं. माझ्या चुलतभावाचं इंग्रजी वाचन शिकवणीपेक्षा या डायरीने जास्त सुधारलं. त्याच्या आईला हे पटलेलं नाही, तो भाग वेगळा.

जवळ वही ठेवा. खरंच. सोल्स्थाइमचा नकाशा हाताने काढत गेलात तर महिनाभराने तो जपून ठेवावासा वाटतो.

स्काल गावचे सहा दगड कुठल्या क्रमाने करू? आणि ती गाण्याची गुहा सुटत नाही!

स्काल लोक तुम्हाला लगेच आपलं म्हणत नाहीत. त्यांचा पुरोहित कॉर्स्ट विंड-आय एक पुस्तक देतो. त्यात एव्हार स्टोन-सिंगरची कथा आहे: पाणी, माती, पशू, झाडं, सूर्य आणि वारा यांची देणगी त्याने कशी परत आणली. बेटभर उभ्या असलेल्या सहा दगडांपाशी जाऊन तुम्ही तेच करायचं. पुस्तक नुसतं चाळू नका, नीट वाचा. उत्तरं त्यातच आहेत. इतकी सरळ खूण देऊनही लोक अडकतात, कारण गेममधलं पुस्तक म्हणजे विकायची वस्तू अशी सवय झालेली असते.

पाण्याच्या कामात एक काळा हॉर्कर (वॉलरससारखा प्राणी) पोहत पुढे जातो, त्याच्या मागे राहायचं. पशूच्या कामात एका जखमी अस्वलाला रीकलिंग या बुटक्या जमातीच्या तावडीतून सोडवून दगडापर्यंत न्यायचं. ते हळू चालतं, तुम्ही पुढे पळालात तर मागे राहतं. थांबत थांबत जा.

आता गुहा. मातीच्या देणगीसाठी तुम्ही लपलेल्या संगीताच्या गुहेत जाता. तिथे खडकांचे सुळके आहेत आणि प्रत्येकाचा स्वर वेगळा. आधी ऐकायचं, मग तोच क्रम वाजवून दाखवायचा. चुकलात की पुन्हा. मला जितक्यांनी फोन केले, त्यांतले निम्मे मे महिन्यात अडकलेले होते, आणि कारण एकच: कूलर. मागे तो घरघरत असतो आणि खालचे दोन स्वर सारखेच ऐकू येतात. कूलर दोन मिनिटं बंद करा, पंखाही करा, कानात हेडफोन घाला. गेममधलं पार्श्वसंगीत सेटिंगमध्ये जाऊन शून्यावर आणा, इतर आवाज तसेच ठेवा. प्रत्येक सुळक्याला एकदा स्वतःहून वाजवा आणि वहीत डावीकडून उजवीकडे १, २, ३ असे आकडे टाकून पुढे 'जाड', 'मधला', 'बारीक' असं लिहा. मग धून ऐका, आकडे मांडा, वाजवा. गाणं येत नसलं तरी जमतं. आमच्याकडे ज्याने पहिल्याच फटक्यात सोडवली, तो पेटी शिकणारा होता. त्याचा अपवाद धरायचा.

सहाही झाले की एव्हारची गदा मिळते. गदा वापरणारं पात्र असेल तर सोन्याहून पिवळं.

झाडासारखी ती बाई मेली, परत उठली, परत मेली, परत उठली. बग आहे का?

स्प्रिगन आहे ती. एकूण तीनदा मारावी लागते, मग शांत होते. पहिल्यांदा पडल्यावर अंगावरचं सामान उचलायला वाकू नका.

वेअरवुल्फ व्हावं की नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारणाऱ्याने मनातल्या मनात "व्हावं" असं आधीच ठरवलेलं असतं. तरी ऐका.

कथा एका टप्प्यावर आली की बेटावर रात्री वेअरवुल्फ फिरू लागतात. त्यांच्याशी लढताना सॅनीस लुपिनस हा रोग लागू शकतो. लागला की तीन दिवस मिळतात. तेवढ्यात रोग बरा करणारं औषध, मंत्र किंवा देवळातली वेदी, काहीही वापरलं तर सुटका. तीन दिवस गेले की मग रोज रात्री ९ ते सकाळी ६ तुम्ही लांडगा. सामान उघडत नाही, मंत्र चालत नाहीत, कुणाशी बोलता येत नाही. ताकद आणि वेग मात्र अफाट. रूप बदलताना कुणी पाहिलं तर तुमचं बिंग फुटतं आणि मग दिवसाही लोक अंगावर येतात. शिवाय रोज रात्री एखाद्या माणसाचा बळी घ्यावा लागतो, नाहीतर तब्येतीला फटका बसतो. पात्र आधीच व्हँपायर असेल तर हा रोग लागतच नाही.

यात अडचण कथेची नाही, वसाहतीची आहे. रेव्हन रॉकचं काम बाकी असताना लांडगा झालात तर रोज संध्याकाळी साडेआठला गावाबाहेर पळायचं, भक्ष्य शोधायचं, सकाळी परत यायचं. दोन रात्री मजा, तिसऱ्या रात्री कामधंदा, आणि चौथ्या रात्री चुकून तुमच्याच दुकानदाराचा बळी जातो. म्हणून मी सांगतो: पहिल्या खेपेला रोग लागला की वेगळी सेव्ह करा आणि तीन दिवसांच्या आत बरे व्हा. माणूस म्हणून कथा पूर्ण करा. मग त्या सेव्हवर जाऊन लांडगा व्हा. हर्सीन हा शिकारीचा देव तुमच्या स्वप्नात येऊन वेगळी कामं देतो आणि मुख्य गोष्टीचा मधला भाग उलट्या बाजूने दिसतो. म्हणजे बेट दोनदा खेळायला कारण आहे.

नंतर कंटाळा आला तर ग्लेनमॉरिलच्या चेटकिणींकडे उतारा मिळतो. त्या फुकट देत नाहीत, आणि त्या जे मागतात ते पैशात नसतं.

वेअरवुल्फशी लढायचं कशाने?

चांदीने. चांदीच्या शस्त्रांचा त्यांना जास्त मार बसतो. तेवढी ताकद नसेल तर रात्री घरात बसा. वेअरवुल्फ खूप वेगाने येतो, धनुष्य ताणेपर्यंत तो मानेवर असतो.

थर्स्कचं काय?

तळ्याकाठचा मोठा वाडा, नॉर्ड योद्धे आणि मधाची दारू. आत गेलात की रक्ताचा सडा दिसतो. उडिरफ्रिक्टे नावाच्या श्वापदाने सगळ्यांना मारलंय, स्वेन्या स्नो-साँग कशीबशी वाचली आहे. ते श्वापद मारून त्याचं काळीज आणा. पुढे वाड्याचं मुखियापद तुमच्याकडे येऊ शकतं. छोटं, आटोपशीर, तोंडाला चव आणणारं काम. रेव्हन रॉकच्या पहिल्या सुट्टीत करा.

निळ्या बर्फाचं चिलखत कसं मिळवायचं?

ते स्टालरिम. जुन्या नॉर्ड थडग्यांमध्ये मृतांना या न वितळणाऱ्या बर्फात गोठवून ठेवलेलं असतं. साध्या कुदळीने निघत नाही, प्राचीन नॉर्डिक कुदळच लागते. ती मिळेपर्यंत थडग्यांवर घाव घालत बसू नका, आत ड्रॉगर, म्हणजे उठून चालणारी प्रेतं, असतात.

सोल्स्थाइमबाहेर ब्लडमूनचं काही आहे का?

आहे. आल्ड'रूनमध्ये लुई बोशाँ नावाच्या एका गृहस्थाला हवाई जहाज सोल्स्थाइमला पाठवायचंय. पैसे तुम्ही द्यायचे, जहाज त्याचं. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण असल्या योजनेत पैसे घालणाऱ्यांचं जे होतं तेच.

मधेच वीज जाते. सेव्ह उडते का?

झटपट सेव्हला गेममध्ये एकच जागा असते, प्रत्येक वेळी आधीची पुसली जाते. वीज नेमकी सेव्ह होताना गेली तर फाइल खराब होऊ शकते. म्हणून तासाभराने मेन्यूतून नवीन नावाने सेव्ह करा. पाच-सहा जुन्या ठेवा, बाकीच्या पुसा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस घ्याच. लॅपटॉपवाल्यांनी बॅटरीवर फाजील विश्वास ठेवू नये. उकाड्यात तीही लवकर दम सोडते आणि पंख्याची जाळी धुळीने भरलेली असेल तर गेम आचके देतो.

(एका काकूंचा प्रश्न) आमचा मुलगा सातवीत आहे. खेळू द्यावा का?

काकू, यात मारामारी आहे, रक्त आहे, दारू आहे, आणि वेअरवुल्फच्या भागात निरपराध माणसांना मारावं लागतं. सातवीला मी सांगणार नाही. दहावीनंतरच्या सुट्टीत द्या, तोही शेजारी बसून. आणि त्याने वहीत नकाशा काढला असेल तर फाडू नका.

मॉड टाकू का?

पहिल्या खेपेला गेमचे दोष दुरुस्त करणारे तेवढे टाका. पानांना चमक, चेहऱ्यांना नवी कातडी, हजार नव्या तलवारी, हे सगळं दुसऱ्या खेपेला. वीस मॉड टाकून ज्यांनी सुरुवात केली, ते गेमपेक्षा मॉडच जास्त खेळले.

ट्रायब्युनल आधी की ब्लडमून?

ब्लडमून. ट्रायब्युनलची गोष्ट मूळ कथेच्या देवतांशी जोडलेली आहे, त्यामुळे ती मूळ कथा संपल्यावर जास्त पोहोचते. शिवाय ते शहर बंदिस्त आहे. सोल्स्थाइमसाठी मूळ कथेची फारशी माहिती लागत नाही, आणि मधेच जाऊन आलात तर राखेच्या प्रदेशात परतल्यावर तोही नवा वाटतो.

याच मालिकेतल्या पुढच्या गेममधलं, स्कायरिममधलं सोल्स्थाइम हेच का?

हेच, फक्त दोनशे वर्षांनंतरचं. २०१२ मध्ये आलेल्या ड्रॅगनबॉर्न या विस्तारात तुम्ही तिथे परत जाता. रेड माउंटन ज्वालामुखीच्या उद्रेकाची राख दक्षिणेकडे साचलेली आहे, रेव्हन रॉकची रया गेलेली आहे आणि स्काल लोक अजून त्यांच्या गावात आहेत. दोन्ही खेळायचे असतील तर ब्लडमून आधी खेळा. नंतर रेव्हन रॉकच्या धक्क्यावर उतरलात की दुकान कुठे टाकलं होतं, ते शोधत फिराल.